पहिलं ‘नको’

राहूद्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते त्याच्या मेहुण्याने ठेवलं, आणि तेही त्याच्याच लग्नाच्या जेवणात. मेहुणा गोडाचं पातेलं घेऊन वाढायला आला. नवरदेवाने ताटावर हात आडवा धरला आणि ‘राहू द्या, राहू द्या’ म्हटलं. मेहुणा मुळातच खट, तो ‘बरं’ म्हणून सरळ पुढच्या ताटाकडे सरकला. नवरदेवाचा हात ताटावर तसाच राहिला आणि डोळे पातेल्याच्या मागोमाग गेले. शेवटी सासूबाईंनी येऊन मुलाला दटावलं, जावयाला चांगला आग्रह केला, तेव्हा कुठे त्याच्या तोंडात गोड पडलं. त्या दिवसापासून तो सासरी राहूद्या, स्वतःच्या घरी राहूद्या आणि कामावरही राहूद्याच.

आता यात दोष त्याचा एकट्याचा नव्हता. त्याच्या आईने मुलांना तसं वळणच लावलं होतं. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा समोरच्याचा फारच आग्रह झाला तर ‘बरं, अगदी थोडं’ असं म्हणून हात पुढे करायचा. पहिल्या झटक्यात हो म्हणणारं पोर म्हणजे घरात खायला मिळत नसलेलं पोर. पाहुण्यांकडे निघताना ही माउली दारातच मुलांचे कान धरून एवढं सांगे आणि मग घरातच पोटभर जेवायला घालून त्यांना बाहेर काढी. त्यामुळे राहूद्या जन्मात कधी उपाशी राहिला नाही. सगळं गणित एका गोष्टीवर उभं होतं, ती म्हणजे समोरचा पुन्हा विचारतो. आणि त्यांच्याकडे समोरचा विचारायचाच. विचारलं नाही तर लोक त्यालाच नावं ठेवायचे.

राहूद्याचा धंदा सुतारकीचा, त्यातही जुन्या खुर्च्या-टेबलांचा. डुगडुगणारी खुर्ची त्याने हातात घेतली, उलटी केली, चारी पाय एकदा हलवून पाहिले, की कुठला सांधा ढिला आहे ते त्याला कळे. या कामाच्या जोरावरच त्याला परदेशात नोकरी लागली. बायको आणि शाळेत जाणारी लेक मागे ठेवून, कपड्यांपेक्षा पटाश्यांनीच जड झालेली बॅग घेऊन तो निघाला आणि एका मालकीणबाईंच्या कारखान्यात रुजू झाला.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. एका भिंतीला लाकूड आवळून धरायचे शिकंजे ओळीने टांगलेले, खिडकीखाली काम करायचं जाड फळ्यांचं टेबल, कोपऱ्यात लाकूड चिकटवायचा सरस गरम करायची शेगडी, आणि मागच्या बाजूला काचेचं दार लावून वेगळी केलेली पॉलिशची खोली. मालकीणबाई साठीच्या, बुटक्या, केस आखूड कापलेल्या. बोलणं असं मोजकं की त्यांना शब्दांवर कर भरावा लागतो की काय असं वाटावं. पॉलिशच्या खोलीत पॉलिशवाला. तोही परकाच, पण तिसऱ्याच देशातला. धिप्पाड, खोकणारा, आणि कुणी काहीही पुढे केलं की ते आधी तोंडात टाकून मग काय आहे म्हणून विचारणारा.

पहिल्याच दिवशी दुपारी मालकीणबाईंनी शेगडीवर सूप गरम केलं, तीन वाडगे मांडले आणि राहूद्याला विचारलं, तू घेणार का? राहूद्याने छातीवर हात ठेवला, गोड हसला आणि जेवढी भाषा येत होती तेवढ्यात सांगितलं की नको, कशाला उगाच. मालकीणबाईंनी मान हलवली, तिसरा वाडगा फळीवर परत ठेवला आणि जेवायला बसल्या. राहूद्या बघतच राहिला. सूप दोघांत संपलं. पॉलिशवाल्याने तर वाडगा पावाने पुसून खाल्ला. त्या दुपारी राहूद्याने पाणी पिऊन एका टेबलाचे चार पाय तासले, आणि पोटातली गुरगुर ऐकू जाऊ नये म्हणून रंधा जरा जोरातच चालवला.

त्याला वाटलं, बाई खडूस दिसतात. पण तसंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तितक्याच सरळपणे विचारलं. याने पुन्हा नको म्हटलं, वाडगा पुन्हा फळीवर गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारणंच सोडलं, कारण माणसाला सूप आवडत नाही हे त्यांना आता नीट कळलं होतं. तेव्हापासून राहूद्या घरून डबा आणू लागला.

डब्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे जो तो आपला डबा आपल्या पुढ्यात घेऊन खायचा. डबा उघडल्यावर शेजारच्याला ‘घ्या’ म्हणायचं असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. राहूद्याला ते जमेना. तो उठून पॉलिशवाल्याच्या डब्यात आपली भाजी घाले, पॉलिशवाला निमूट खाई. मालकीणबाईंसाठी तो चहा करी. त्या नको म्हणत, तो पुन्हा विचारी, त्या पुन्हा नको म्हणत, तो तिसऱ्यांदा विचारून कप त्यांच्या पुढ्यात ठेवी. आठवडाभर हे चाललं. मग एके दिवशी मालकीणबाईंनी हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या की मी नको म्हणते तेव्हा तुला ऐकू येत नाही का? राहूद्या चपापला. दिवसभर तो कानशिलं तापलेल्या अवस्थेत सांधे जुळवत होता आणि एक पाय त्याने चक्क उलटा बसवला.

संध्याकाळी कुलूप लावताना पॉलिशवाल्याने त्याला समजावलं. हा गडी इथे पुष्कळ वर्षं राहिलेला. म्हणाला, इथे माणूस नको म्हणाला की ते त्याने विचार करून म्हटलेलं असतं. पुन्हा विचारणं म्हणजे तू खोटं बोलतोस असं तोंडावर सांगणं. राहूद्याने हे ऐकून घेतलं, मानही डोलावली. पण डोक्यात शिरलेली गोष्ट जिभेपर्यंत उतरायला वेळ लागतो, आणि राहूद्याची जीभ तर आईने घडवलेली.

बाकी बाबतीत तो हळूहळू रुळला. कुणाकडे जायचं तर आधी कळवून जायचं, जिन्यात भेटलेल्या माणसाला ‘कुठे निघालात’ असं विचारायचं नाही, आणि ‘कसे आहात’ असं कुणी विचारलं तर खरंखुरं सांगत बसायचं नाही, हे त्याने अंगवळणी पाडून घेतलं. गुडघा दुखतो म्हणून एकदा त्याने दुकानदाराला सविस्तर सांगितलं होतं आणि मागची सगळी रांग त्याच्याकडे बघत राहिली होती.

एकच गोष्ट मात्र रुळत नव्हती. रविवारी फोनवर लेक दिसायची आणि दर वेळी थोडी वेगळीच दिसायची. आधी दात पडलेला होता, मग दात आला. मग केस कापले. एका रविवारी तिने अभ्यास आहे म्हणून फोन आईकडे दिला आणि उठून गेली, आणि राहूद्याला जाणवलं की ती त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायला लागली आहे. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

कुटुंब आणायचं तर तिथला नियम साधा होता. माणसाकडे स्वतःची वेगळी जागा हवी. भाड्याची चालेल, पण नुसती खाट भाड्याने घेतलेली चालणार नाही. आणि राहूद्याकडे नेमकी खाटच होती. पोटमाळ्यावरच्या एका कोरड्या, उबदार खोलीत तो दोन बेकरीवाल्यांबरोबर राहायचा. ते पहाटे उठून जायचे आणि उरलेला वेळ घोरायचे. शहरात जागा शोधून शोधून त्याच्या चपला झिजल्या. जी परवडायची ती मिळायची नाही, जी मिळायची ती परवडायची नाही. शिवाय बायकोला मुळात यायचंय की नाही हाही प्रश्नच होता. पण राहूद्याने मनाशी ठरवलं होतं की आधी जागा हातात येऊ दे, मग तिला विचारू. रिकाम्या हाताने काय विचारायचं?

आणि मग कारखान्याच्या वरची जागा रिकामी व्हायची वेळ आली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्या बहिणीकडे कायमच्या जायला निघाल्या. त्यांचं कपाट खाली उतरवायला राहूद्याच वर गेला होता. मागच्या खोलीला मोठी खिडकी होती. तिच्या खाली बरोबर एक छोटं टेबल मावलं असतं, आणि ते कुठल्या लाकडाचं करायचं इथपर्यंत राहूद्याचं मन कपाट खांद्यावर असतानाच जाऊन पोचलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मालकीणबाई त्याच्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, वरची जागा रिकामी होतेय. भाडं तुला झेपेल इतपतच ठेवीन. तुला हवी का?

राहूद्याच्या हातात पटाशी होती. ती त्याने घाईघाईने खाली ठेवली. आणि सगळ्या जन्माची सवय एकवटून, त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडले.

“नको नको, राहू द्या. तुम्हाला कशाला त्रास.”

असं म्हणून तो हसला, छातीवर हात ठेवला आणि वाट बघू लागला. मालकीणबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, ‘बरं’ म्हणाल्या आणि निघून गेल्या.

जीभ चावणं म्हणजे काय ते राहूद्याला त्या क्षणी कळलं. पण अजून आशा होती. इतकी मोठी गोष्ट आहे, सूप थोडंच आहे, बाई पुन्हा विचारतील. त्याने एकच फळी घेतली आणि तिच्यावर रंधा मारत बसला. बाई शेगडीशी गेल्या, आता विचारतील. हात धुतले, आता विचारतील. फळी तासून तासून इतकी पातळ झाली की तिचा खुर्चीला काही उपयोग उरला नाही. तेवढ्यात काचेचं दार उघडलं. मालकीणबाईंनी पॉलिशवाल्याला तोच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. पॉलिशवाल्याच्या तोंडात पाव होता. त्याने तो गिळायचीही वाट पाहिली नाही, पावासकट ‘हो’ म्हणाला.

राहूद्याने ती पातळ फळी सरपणात टाकली. पॉलिशवाल्याला नावं ठेवावीत तर तीही सोय नव्हती. बिचारा एका तळघरात राहायचा. भिंतींना ओल, वर पॉलिशचा वास छातीत बसलेला, त्यामुळे खोकला जाता जात नव्हता. त्याला वरची कोरडी, उन्हाची जागा मिळाली म्हणजे सोनंच. तो दुसऱ्याच दिवशी खिडकीच्या पडद्यांसाठी कापड घेऊन आला आणि कुठला रंग बरा दिसेल म्हणून राहूद्यालाच दाखवू लागला. राहूद्याने निळा म्हणून सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा कसा झाला असेल तो ज्याचा त्याने ओळखावा.

आता सरळ जाऊन बोलावं की नाही? पण सरळ बोलेल तर तो राहूद्या कसला. त्याने आडवळणाने सुचवायला सुरुवात केली. राहूद्याच्या मुलखात एवढ्यावरून माणूस काय ते ओळखतो. वरच्या जिन्याचा कठडा हलत होता, तो याने न सांगता पक्का करून दिला. मालकीणबाईंनी आभार मानले आणि शनिवारी त्या कामाची मजुरी वेगळी काढून हातात ठेवली. मग तो म्हणाला, वर ऊन फार छान येतं नाही? त्या म्हणाल्या, हो, छान येतं. तो म्हणाला, एखाद्या पोराला अभ्यासाला खिडकी अगदी सोयीची. त्या म्हणाल्या, सोयीची आहे खरी, पण पॉलिशवाल्याला पोरंबाळं नाहीत. एवढं बोलून त्या एका खुर्चीची बैठक उसवायला लागल्या. राहूद्याला वाटलं, भिंतीशी बोललो असतो तर तिने तरी जरा विचार केला असता.

रविवारी त्याने बायकोला फोन लावला. हिला निदान आपली बाजू कळेल, अशी त्याची खात्री होती. त्याने सगळी कहाणी सांगितली. खोल्या कशा, खिडकी कशी, बाईंनी कसं विचारलं आणि आपण काय म्हणालो. बायको आधी हसली. पदर तोंडाला लावून चांगली पोट धरून हसली, आणि राहूद्यालाही जरा बरं वाटलं. मग तो मालकीणबाईंवर घसरला. इतकी वर्षं जग बघितलेली बाई, म्हणाला, माणसाने एकदा नको म्हटलं तर पुन्हा विचारायची काही रीत असते की नाही? एकदा विचारायचं आणि मोकळं व्हायचं, याला काय विचारणं म्हणतात?

बायकोचं हसू थांबलं. ती फोनकडे न बघता बाजूला कुठेतरी बघत राहिली.

“तुम्ही तरी कुठे विचारलंत?”

“कुणाला?”

“मला. निघायच्या आदल्या दिवशी. मागोमाग तूही ये, काढू कसेतरी दिवस, असं म्हणालात. मी म्हटलं नको, तुमच्या पायात आमचं लोढणं कशाला. मला वाटलं परत विचाराल. तुम्ही बरं म्हणालात आणि बॅग भरायला बसलात.”

राहूद्याला तो दिवस लख्ख आठवला. बॅगेत पटाश्या बसत नव्हत्या, त्या कशा बसवायच्या याच विवंचनेत तो होता. बायकोने नको म्हटलं तेव्हा त्याला आतून जरा हायसंच वाटलं होतं. तिकडे आपलं कसं होणार याचाच पत्ता नव्हता, त्यात दोघींची काळजी. बायको समजूतदार आहे, असं त्याने त्या वेळी चार लोकांत कौतुकानेही सांगितलं होतं. साऱ्या जगाने आपल्याला तीनदा विचारावं म्हणून अडून बसणाऱ्या या माणसाने घरच्या माणसाला एकदाच विचारलं होतं, आणि सुटलो म्हणून निघून आला होता.

“म्हणजे तुला यायचं होतं?” त्याने विचारलं.

“ते आता विचारताय होय,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

सोमवारी राहूद्या कारखाना उघडायच्या आधीच दारात उभा होता. मालकीणबाई किल्ल्या काढत आल्या. त्याने वाटेत वाक्य पाठ केलं होतं. त्यांच्या भाषेत ते फार सोपं होतं, लहान पोरालाही आलं असतं. पण ते तोंडातून काढताना त्याला वजनदार कपाट एकट्याने जिना चढवल्यासारखा घाम आला.

“मला वरची जागा हवी होती. आजही हवी आहे.”

मालकीणबाई कुलपात किल्ली घालून तशाच थांबल्या. त्यांनी विचारलं, मग तू नको का म्हणालास? राहूद्याने सांगितलं. मोडक्यातोडक्या भाषेत, हातवारे करत, आईपासून मेहुण्यापर्यंत सगळं सांगितलं. आमच्याकडे पहिलं नको हे नको नसतं, ते नुसतं दार अर्धं लावणं असतं, समोरच्याने ढकलायचं असतं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांच्या तोंडून एका दमात इतकं बोलणं राहूद्याने कधी ऐकलं नव्हतं, ते तेव्हा ऐकलं.

“पुन्हा विचारलं असतं तर तुझ्या शब्दाला किंमत दिली नाही असं झालं असतं. तू नको म्हणालास, मी तुझा मान ठेवला. सूपही तुला हवं होतं का?”

“हवं होतं,” राहूद्या म्हणाला.

बाईंनी किल्ली फिरवली. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं की जागेचा शब्द आता पॉलिशवाल्याला दिलेला आहे, तो त्या फिरवणार नाहीत. त्याने आपणहून सोडली तर गोष्ट वेगळी, पण ते तूच त्याच्याशी बोल. एवढं बोलून त्यांनी दार उघडलं.

पॉलिशवाला आला तो खोकतच आला. काखेत निळ्या कापडाची गुंडाळी होती. राहूद्या त्याच्या मागोमाग काचेच्या दारातून आत गेला. आयुष्यात त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि पाळी आली ती एका खोकणाऱ्या माणसाच्या तोंडचा घास मागायची. त्याला स्वतःची लाज वाटली. पण तो बोलला. बायकोचं सांगितलं, लेकीचं सांगितलं, ती आता कशी पाहुण्याशी बोलल्यासारखी बोलते तेही सांगितलं. तुझ्यावर जबरदस्ती नाही, नाही म्हणालास तरी मी काही मनात ठेवणार नाही. मात्र मला विचारल्याशिवाय राहवत नाही. आणि जागा बदलून हवी असेल तर पोटमाळ्यावरची माझी खाट आहे, ओल अजिबात नाही, फक्त बेकरीवाले घोरतात.

पॉलिशवाल्याने डबा उघडला, फडक्याचा बोळा पॉलिशमध्ये बुडवला आणि समोरच्या टेबलावर गोल गोल फिरवायला लागला. बराच वेळ तो तेच करत होता. राहूद्या दाराशी उभा. त्या माणसाला ती जागा किती हवी होती हे राहूद्याला ठाऊक होतं. पडद्याचं कापड तिथेच स्टुलावर पडलेलं दिसत होतं.

“मला ती आवडली होती,” पॉलिशवाला शेवटी म्हणाला. “पण मी एकटा. घोरणाऱ्यांत एक खोकणारा, भागेल. तू घे.”

आणि राहूद्याच्या घशाशी ते आलंच. नको, राहू द्या, तुमच्या तोंडची जागा मी कशी घेऊ, तुमची तब्येत बघा आधी. सगळं वाक्य ओठांवर येऊन उभं राहिलं. म्हटलं असतं तर किती शोभून दिसलं असतं. आईने शाबासकी दिली असती. हातसुद्धा अर्धा उचलला गेला, छातीकडे जायला. पण समोरचा माणूस पुन्हा विचारणार नव्हता. तो मान डोलावून टेबल पुसायला लागला असता, आणि खिडकीखालचं टेबल, लेक आणि तिची आई, सगळी जिथल्या तिथे राहिली असती.

“हो,” राहूद्या म्हणाला. “घेतो.”

 डोळे भरून आले, ते त्याने पॉलिशच्या वासावर ढकललं. पॉलिशवाल्याने निळं कापड उचलून त्याच्या हातात दिलं, हेही घेऊन जा म्हणाला, पोटमाळ्याला खिडकीच नाही. राहूद्याने तेही घेतलं. तेही पहिल्याच फटक्यात.

रविवारची वाट बघण्याइतका धीर त्याला कुठला असायला. दुपारच्या सुट्टीत तो रिकाम्या जागेत वर गेला, मागच्या खोलीत जमिनीवर बसला आणि फोन लावला. तिकडे बायको कसल्याशा घाईत होती, काय झालं म्हणून घाबरली. त्याने फोन फिरवून तिला खोली दाखवली, खिडकी दाखवली, स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला. जागा आपली झाली म्हणाला. ती बघत राहिली.

“येशील?” त्याने विचारलं.

बायकोने खालचा ओठ दाबला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“नको,” ती म्हणाली. “तुमचं तिकडे बरं चाललंय. आमचं मध्येच कशाला.”

खाली मालकीणबाई हाक मारत होत्या, सुट्टी संपली होती. राहूद्या जागचा हलला नाही. त्याने फोन दोन्ही हातांत नीट धरला आणि पुन्हा विचारलं.